दहा घासलेल्या फरश्या

आमच्या तळ्यातले मासे संपले तेव्हा मी सातवीत होते. भंडारा जिल्ह्यात एकोडीच्या पुढे, आतल्या रस्त्याला आमचं गाव, आणि गावाच्या डोक्याशी जुनं मालगुजारी (जमीनदारांच्या काळातलं) तळं. माझा आजा, माझे बाबा, सगळे त्या तळ्यावरच जगले. पण काठाला बेशरमाची झुडपं माजली, तळाचं गवत बाहेरून आणून सोडलेल्या मोठ्या माशांनी खाऊन टाकलं, आणि मरळ, शिंगटी, वाम एकेक करून दिसेनासे झाले. बाबा सकाळी जाळं ओढायचे तर त्यात शिंपले आणि प्लास्टिकच्या पिशव्या. मग ते नागपूरला बांधकामावर गेले आणि माय दुसऱ्यांच्या बांध्यांत (धानाच्या वाफ्यांत) रोवण्याला जाऊ लागली. घरी भात असायचा, पण त्यावर घालायला काही नसायचं. मिठाच्या पाण्यात कालवून भात खाल्ला आहे आम्ही. लाज वाटते म्हणून सांगत नाही, कीव यावी म्हणूनही नाही. होतं तसं सांगते.

ते तळं बायकांनी परत उभं केलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की माय आणि दहाबारा बायका उतरायच्या, बेशरम मुळासकट उपटायच्या, दुसऱ्या तळ्यातून आणलेली गाद आणि चिऊल (पाण्यातली गवतं, माशांचं घर आणि चारा दोन्ही) चिखलात लावायच्या. धानाचा रोवणा करतात तशाच, ओळीने, वाकून. पहिल्या वर्षी म्हशींनी खाल्लं. दुसऱ्या वर्षी लोक हसले. चौथ्या वर्षी मरळ दिसली, आणि बाबा नागपूरहून परत आले. त्या माशांच्या पैशांवर मी साकोलीला बी.एस्सी. केलं, भंडाऱ्याला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी कोकणातून बोलावणं आलं. मालवणच्या बाजूच्या एका गावात समुद्राखालच्या प्रवाळावर काम चालू होतं. आमच्या तळ्याविषयी कुठून तरी ऐकून ते काम चालवणाऱ्या संशोधक मॅडमनी कळवलं, "दोघीजणी या, पंधरा दिवस राहा, आमचं काम बघा, तुमचं सांगा." माय आणि मी. माय म्हणाली, "मी काय सांगू तेथी? तूच सांग, शिकलेली आहेस." तेव्हा मला हे वाक्य फार आवडलं होतं.

साकोलीहून एस.टी.त बसलो. मायच्या मांडीवर पिशवी, पिशवीत लाखोळीच्या डाळीचे वडे आणि पोळ्या. कंडक्टरने विचारलं, "मावशी, एवढं सामान घेऊन कोठी चालल्या?"

"समुद्र नीट कराले जाऊन राहिलो," माय एकदम गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

अर्धी बस हसली. गाडी तेव्हा वैनगंगेच्या पुलावर होती. कंडक्टर खाली बोट दाखवून म्हणाला, "मंग येताना हिलेबी थोडं पाहून घ्या ना मावशी!"

भंडारा गेलं, शहापूरला गाडी थांबली. समोरून जवाहरनगरच्या फॅक्टरीची बस गेली, खिडक्यांत युनिफॉर्मातली माणसं पेंगत होती. माय त्या बसकडे वळून वळून बघत होती. मला तिथे कायमची नोकरी लागावी अशी तिची जुनी इच्छा. "प्रवाळ" या शब्दावर तिचा अजून विश्वास बसला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही या पंधरा दिवसांतून काहीतरी हवंच होतं. मॅडमनी काम बघून मला ठेवून घ्यावं, हे मी मनात धरूनच निघाले होते.

नागपूरहून मडगावच्या गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी पनवेल सुटल्यावर बोगदे सुरू झाले. प्रत्येक बोगद्यात माय पिशवी घट्ट धरायची. दुपार कलल्यावर कुडाळला उतरलो आणि तिथून रिक्षाने गावात. एका वळणावर झाडी संपली आणि समोर समुद्र आला.

मायने रिक्षातून मान बाहेर काढली. मग तिने डोळ्यांवर हात धरला. "याची पाळ कोठी आहे वं? मले तं काही दिसून नाई राहिली."

तळ्यावरच्या माणसाला पहिल्यांदा पाळच शोधावीशी वाटते. पाणी अडवलं कशाने, हा त्याचा पहिला प्रश्न. मी हसले, पण माझेही डोळे तेच शोधत होते.

आमची राहायची सोय सुलभाकाकींकडे होती. काकींची स्वतःची होडी. नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांचा दीर ती चालवतात. आवाज असा की वाऱ्यातही पलीकडच्या होडीला ऐकू जावा.

"खयसून इलात गो?" (कुठून आलात?) त्यांनी विचारलं.

"भंडाऱ्याहून."

"तां खंय असा?"

"नागपूरच्या पुढे."

"बापरे! मगे आधी जेवा. बाकीचा मागसून."

जेवणात उकड्या तांदळाचा लालसर भात आणि बांगड्याची कढी, त्यात तिरफळ. मायने भाताचं एक शीत बोटांत दाबून पाहिलं, धान विकत घेताना पाहतात तसं. "जाडा आहे. पन गोड आहे." काकींना हे फार लागलं की आवडलं ते कळलं नाही; त्यांनी दुसऱ्यांदा भात वाढला. कढीत, भाजीत, चटणीत, सगळीकडे खोबरं. दोन दिवसांनी माय माझ्या कानात म्हणाली, "चहात तं नाई ना टाकत?"

दुसऱ्या दिवशी मॅडम भेटल्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, बोलायला कमी. काकींच्या होडीतून त्यांनी आम्हाला किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर नेलं. पाण्यावर तरंगणारी केशरी पिंपं दोरीने बांधलेली होती. त्यांच्या घेऱ्याच्या आत कुणी नांगर टाकायचा नाही, जाळं ओढायचं नाही, पर्यटकांनी उतरायचं नाही, असं गावाने ठरवून घेतलं होतं.

मॅडम होडीतच मायला सांगू लागल्या. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, बारीक जिवांची वस्ती. त्यांच्या अंगात त्याहून बारीक शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला देतं. पाणी फार तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं.

"म्हंजे रांधणारीच घर सोडून गेली म्हना ना," माय म्हणाली.

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "अगदी तसंच. पांढरं पडलं म्हणजे लगेच मेलं असं नाही, उपाशी आहे. पाणी वेळेत थंड झालं तर रांधणारी परत येते. नाही झालं, तर संपलं."

"अन् मंग?"

"मग रिकाम्या दगडावर नवी पिलं येऊन बसायची वाट बघायची. ती पाण्यातून तरंगत येतात. पण वरून नांगर पडत राहिले, माणसं उभी राहत राहिली, तर बसणार कुठे?"

मी तळ्यात पोहायला शिकलेली. मास्क लावून उडी मारली आणि पहिल्याच मिनिटाला नाकातोंडात खारं पाणी. काकींनी केसांना धरून वर ओढलं. "श्वास तोंडान घे गो, नाकान नको!" दुसऱ्यांदा जमलं.

फोटोत पाहिलेले लाल-निळे रंग खाली नव्हते. शेणासारखा तपकिरी, शेवाळी, मातकट रंग. फुलकोबीच्या गड्ड्यासारखे गोळे, काहींवर वळणावळणाच्या रेघा. मधूनच एक पांढराशुभ्र गोळा, चुन्याने रंगवल्यासारखा. डोळा आधी तिकडेच गेला, इतका सुंदर दिसत होता. तोच आजारी होता. जिवंत होते ते मातकट. एका गोळ्यावर नांगराने ओरखडलेली हातभर लांब खाच होती, आणि खाचेच्या कडेने तपकिरी कातडी आत आत सरकत आली होती, जखमेवर धरते तशी. पट्टेरी मासे दगडावरचं हिरवं शेवाळ कुरतडत होते. पाण्याखाली त्यांचा कुरकुर आवाज येत होता. मी वर आले आणि मायला म्हटलं, "माय, ह्यांची निंदणी मासे करतात."

"मंग मानसं काय करतात?"

मी मास्क नीट केला आणि पुन्हा खाली गेले.

पुढचे दिवस तसेच गेले. मी मॅडमबरोबर पाण्यात, माय काकींबरोबर मासे निवडायला. मायला मालवणी समजू लागली आणि काकी आमच्या झाडीबोलीत "काहून वं?" (का गं?) म्हणू लागल्या. पण मायची चिडचिड वाढत होती. "बारा दिवस झाले येऊन, मॅडमनं दर्याचं एकबी काम नाई सांगितलं. नुसतं पाहा म्हनते. आमी काय पाव्हणे आहो?"

खरं म्हणजे गावातही या नुसत्या बघण्यावरून धुसफूस चालू होती. पिंपांच्या आतला पट्टा बंद असल्याने सगळ्या होड्यांना वळसा घालावा लागायचा. पर्यटकांना तिथेच उतरवायचं म्हणणारेही होते. दोन दिवसांनी सकाळी देवळाच्या मंडपात बैठक होती: पट्टा बंदच ठेवायचा की उघडायचा. आणि तिथे मॅडमजवळ दाखवायला एकच गोष्ट होती. दीड वर्षापूर्वी त्यांनी खडकाशेजारी सोळा खरबरीत फरश्या, हाताच्या पंजाएवढ्या, सळईला बांधून ठेवल्या होत्या. प्रवाळाची पिलं येऊन बसत असतील, तर ती या फरश्यांवर दिसणार होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी फरश्या वर काढल्या. समुद्राच्या पाण्याने भरलेल्या दोन टबांत त्या काकींच्या अंगणात, माडाच्या सावलीत ठेवल्या. मॅडम मोठं भिंग आणायला मालवणला निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "तू एम.एस्सी. आहेस, तुझ्यावर सोडते. सावली हलली की टब हलव. पाणी बदलत राहा. मी संध्याकाळपर्यंत येते."

तुझ्यावर सोडते. मी ते शब्द घेऊन अंगणात बसले.

आम्ही पाणी बदललं, टब हलवले, पुन्हा पाणी बदललं. माय फरश्यांकडे बघत होती. त्यांच्यावर हिरवा-काळा चिखलट थर होता आणि त्याखाली गुलाबी खपली, जुन्या भांड्यावर क्षार धरतो तशी.

"उद्या गावासमोर हे असंच दाखवनार?" माय म्हणाली. "घासू का वं?"

आता नीट सांगते, कारण इथेच सगळं आहे. मला माहीत नव्हतं. माझ्या पुस्तकात हे नव्हतं. मॅडमना फोन करता आला असता, काकींच्या दिराला विचारता आलं असतं. पण माय मला विचारत होती, आणि मला "माहीत नाही" म्हणायचं नव्हतं. तळ्यात मत्स्यबीज सोडण्याआधी आम्ही जाळीचे पिंजरे असेच घासून लख्ख करतो. शेवाळ धरलेल्या पिंजऱ्यात बीज मरतं. मी म्हटलं, "घास. शेवाळच आहे ते."

नारळाच्या सोडणाने (वरच्या काथ्याने) आम्ही दोघी घासायला बसलो. पुढून, मागून. बऱ्याच दिवसांनी हाताला काम मिळालं होतं, माय गुणगुणत होती. फरश्या नव्या दिसू लागल्या. दहावी फरशी झाली तेव्हा काकी मासळी देऊन परत आल्या.

"अगे बाय माझे! ह्या काय केलात? ठेव ता खाली!"

मायच्या हातून अकरावी फरशी टबात पडली.

संध्याकाळी मॅडम आल्या. त्यांनी फरश्या पाहिल्या, आरडाओरडा केला नाही. तसा केला असता तर बरं झालं असतं. पायरीवर बसून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती गुलाबी खपली असते ना, पिलं तीच शोधत येतात. ती असेल तिथेच बसतात. आणि बसलेली पिलं त्या खपलीवरच होती. नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाहीत."

मी टबातल्या पाण्याकडे पाहिलं. गुलाबी गाळ तळाशी बसला होता. त्यात काय काय होतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

"आईंनी घासलं?" मॅडमनी विचारलं.

मायने माझ्याकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं असतं तर "हो" म्हणाली असती, मला माहीत आहे. मी म्हटलं, "मी सांगितलं घासायला."

मॅडम उठल्या. "उरलेल्या सहा बघू. उद्या काय होतं ते होईल." आणि निघून गेल्या.

माय मला म्हणाली, "उद्या तूच सांगजो सगळ्याईले."

"मी? तिथे? सगळ्या गावासमोर?"

"काहून घाबरते? शिकलेली तू ना? मंग चूकबी तूच सांग."

सकाळी मंडप भरला होता. पुढे तात्या बसले होते, गावातले जुने तांडेल (होडीचे प्रमुख). पट्टा उघडा करा म्हणणाऱ्यांत पहिले. मॅडमचं बोलणं संपायच्या आत ते म्हणाले, "दीड वर्स झाला. आमच्यो होड्यो वळसो घेवन जातत. कित्याक? फरशेर काय असा ता दाखवा. सोळा होत्यो मां? हय सहाच दिसतत."

मी उभी राहिले.  "दहा मी घासल्या, तात्या. भंडाऱ्याहून आले, मला वाटलं घाण आहे. मॅडमची चूक नाही."

मंडपात हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "शिकलेला चेडू (मुलगी) मां ता?"  

मग मी न घासलेली फरशी पाण्यासकट थाळीत घेतली, भिंग घेतलं आणि थेट तात्यांसमोर जाऊन बसले. सकाळी मॅडमनी दाखवलं होतं तसं खालच्या बाजूला, कडेच्या खाचेत बोट नेलं. "इथे बघा."

तात्यांनी एक डोळा मिटला. बराच वेळ पाहिलं. गुलाबी खपलीवर तपकिरी ठिपके, बहुतेक मोहरीएवढे, एक मसुरीच्या डाळीएवढा. त्या एकाला बारीक कडा होत्या, फुलाच्या असतात तशा.

"ह्या एवढासाच?"

"हो."

"दीड वर्सात?"

"हो, तात्या."

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि घासलेली फरशी उचलली. पालथी करून अंगठा फिरवला. नुसती कोरी फरशी. "हीयेर पण होते?"

"होते असतील. मी एका दुपारी काढून टाकले."

तात्या हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. मागे वळून म्हणाले, "हसतास काय? ह्या पोरीन एका दुपारी सोडणान घासल्यान. आमचो नांगर काय करता मगे? आमी तर आजापणज्यापासून घासतव." (आम्ही तर आजापणजापासून घासतो आहोत.)

 तेव्हा माय उठली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करून ती म्हणाली, "आमी कामाचे मानसं. हात रिकामा राहिला का आमाले चोरी केल्यावानी वाटते. आमच्या तळ्याले हात लागत होते, आमी लावले. तुमच्या दर्याले हात नाई लावायचे, एवढंच तं आहे. सोपं वाटते ना? लय कठीन आहे बाप्पा. मले कालच समजलं."

कितीजणांना शब्द कळले कोण जाणे, पण काकींनी तिथल्या तिथे मालवणीत सांगितलं, जरा जास्तच जोर लावून.

सगळं एकमताने झालं असं नाही. दोघेतिघे उठून गेले. पण आणखी दोन वर्षं पट्टा बंद ठेवायचं ठरलं. पर्यटकांच्या होड्या नांगर न टाकता बाहेरच्या पिंपांना बांधायच्या, हेही ठरलं. मॅडमनी मला शाबासकी दिली नाही. दुपारी त्यांनी सोळाही फरश्या पुन्हा पाण्यात नेल्या. मी घासलेल्या दहांना लाल दोरा बांधायला माझ्याच हातात दिला.

निघताना काकी रिक्षापर्यंत आल्या. मायच्या पिशवीत सुके बांगडे कोंबले आणि मला म्हणाल्या, "परत ये गो. पण सोडणा घेवन येव नको!"

परतीच्या गाडीत बोगद्यांची मायला भीती वाटली नाही. रत्नागिरीच्या पुढे ती म्हणाली, "मले वाटे का तळं आमी बनवलं. आमी तं फक्त लावलं वं. बाकी त्याचं त्यानंच केलं." मी वर्षानुवर्षं पुस्तकं वाचली, हे वाक्य माझ्याकडून यायला हवं होतं.

गावी आल्यावर तिने तळ्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात चार बांबू रोवले. तिथे निंदायचं नाही, जाळं टाकायचं नाही, गाळात पाय घालायचा नाही. बायकांनी विचारलं, "काहून वं?" तर म्हणे, "पाहा ना नुसतं." बाबा अजून त्या बांबूंवरून तिला चिडवतात, पण जाळं बाहेरूनच टाकतात.

यंदा फेब्रुवारीत मॅडमचा फोन आला. फरश्या बघायच्या आहेत, ये. मी एकटी गेले. भिंग मॅडमनी माझ्या हातात दिलं आणि त्या बाजूला बसून लिहीत राहिल्या. लाल दोऱ्याच्या दहाही फरश्यांवर गुलाबी खपली परत धरली आहे. त्यांतल्या चारांवर पिलं बसली आहेत. एप्रिलपासून ती मोजण्याचं काम मला पगारावर मिळालं आहे.